आरमारी हवामानशास्त्रज्ञ मॅथ्यू मॉरी आणि आपले वऱ्हाड

मृग नक्षत्र लागले की अकोला-अमरावतीकडील प्रत्येक कास्तकाराची दृष्टी आभाळाकडे वळते. वारा व पाऊस यांच्या नोंदी ठेवून त्यांतून नियम शोधण्याचे शास्त्र ज्यांनी उभारले, त्यांत अमेरिकन आरमारातील मॅथ्यू फाँटेन मॉरी याचे नाव अग्रभागी आहे. त्याच्या चरित्राचा धागा आपल्या कपाशीशीही जुळतो. म्हणून ते ज्ञातिबांधवांपुढे थोडक्यात मांडीत आहे.

मॉरीचा जन्म १८०६ साली व्हर्जिनियात झाला. एकोणिसाव्या वर्षी तो आरमारात दाखल झाला. १८३९ साली घोडागाडीच्या अपघातात त्याचा पाय कायमचा अधू झाला व समुद्रावरील नोकरी संपली. १८४२ मध्ये त्यास वॉशिंग्टन येथील नकाशे व उपकरणे यांच्या कोठारावर प्रमुख नेमण्यात आले. तेथे जुन्या जहाजांच्या रोजनिशा धूळ खात पडल्या होत्या. कोणत्या दिवशी, कोणत्या स्थळी, वारा कोठून व प्रवाह कोणीकडे, हे खलाशांनी त्यांत लिहून ठेविले होते. दुसऱ्यांस जी रद्दी वाटली, तिच्यातून मॉरीने १८४७ साली वारे व प्रवाह यांचा पहिला नकाशा काढला. जो कप्तान आपल्या नोंदी पाठवील, त्यास नकाशे विनामूल्य मिळत. लांबच्या सफरींतील कित्येक दिवस त्यामुळे वाचू लागले. ज्या १८५३ साली वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले, त्याच साली ब्रुसेल्स येथे दहा राष्ट्रांनी एकाच पद्धतीने सागरी नोंदी ठेवण्याचे ठरविले. त्यामागे मॉरीचाच आग्रह होता. १८५५ साली सागराच्या भूगोलावरील त्याचा ग्रंथ निघाला. उत्तर ध्रुवाजवळ बर्फरहित समुद्र आहे, हे त्याचे मत पुढे चुकीचे ठरले. नोंदी मात्र खऱ्या राहिल्या.

१८६१ साली अमेरिकेत यादवी पेटली. मॉरीने राजीनामा देऊन गुलामगिरी राखू पाहणाऱ्या दक्षिणेचा पक्ष घेतला आणि पाण्याखालील विजेचे सुरुंग तयार केले. विद्या थोर असली तरी विवेक तिच्यासोबत आपोआप येत नाही, हेच खरे! उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली, लँकेशायरच्या गिरण्यांस कापूस मिळेना आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. १८६५ साली युद्ध संपताच भाव कोसळले. समुद्रापलीकडील वारा आपल्या शेतापर्यंत पोहोचतो, तो असा.

पराभवानंतर काही वर्षे परदेशी काढून मॉरी १८६८ साली व्हर्जिनियातील सैनिकी विद्यालयात अध्यापक झाला. शेतकऱ्यांस हवामान व पिके यांची वार्ता तारेने मिळावी, यासाठी तो अखेरपर्यंत व्याख्याने देत फिरला. १८७३ साली त्याचे देहावसान झाले.

आपल्या घरांतील जुन्या वह्यांतही पेरणीची तिथी, पावसाची ओढ, कापसाचा भाव लिहिलेला आढळतो. प्रस्तुत लेखकाच्या वडिलांच्या अशा वह्या घर बदलताना रद्दीत गेल्या. जन्मभर भूगोल शिकविणाऱ्याच्या हातून ही चूक घडली. ज्यांच्या घरी त्या अद्याप असतील, त्यांनी जपाव्या व मुलांकडून नवी वही सुरू करवावी, एवढीच विनंती.