बातमीची नाकेबंदी : निजामी राजवटीतील बीड

बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि त्याची पश्चिम सीमा ब्रिटिश अमलाखालील अहमदनगर जिल्ह्याला भिडलेली होती, त्यामुळे एकच मराठी बोलणाऱ्या शेजारी गावांना दोन वेगळ्या राजवटींचे कायदे लागू होत. निजामाचे टपाल खाते स्वतंत्र होते, तिकिटेही त्याचीच होती. त्याही पुढे जाऊन ‘गश्ती निशाण 53’ या परिपत्रकाने (‘गश्ती’ म्हणजे सर्व कचेऱ्यांत फिरवायचा सरकारी हुकूम) जाहीर सभेला पूर्वपरवानगी सक्तीची केली होती. बातमी अडवायची तर आधी माणसे एकत्र येऊ द्यायची नाहीत, हे त्या राजवटीने नेमके ओळखले होते.

तरीही बातमी येतच राहिली. आ. कृ. वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ हे साप्ताहिक संस्थानाबाहेर, पुण्यातून चालवले. संस्थानात त्यावर बंदी आली की तेच पत्र नवे नाव धारण करून निघे, आणि हुकूम त्या नावापर्यंत पोहोचेतो अंक वाचकांच्या हाती पडलेले असत. मोमिनाबादच्या, म्हणजे आजच्या अंबाजोगाईच्या, योगेश्वरी शाळेतील अध्यापन सोडून, पुढे मुक्तिलढ्याचे नेते झालेले स्वामी रामानंद तीर्थ 1938 मध्ये राजकारणात उतरले, त्याच वर्षी लोकांच्या हक्कांसाठी उभ्या राहणाऱ्या हैदराबाद स्टेट काँग्रेसवर ती रीतसर स्थापन होण्याआधीच बंदी घातली गेली, आणि ती बंदी उठायला 1946 उजाडले.

संस्थानाने भारतात विलीन व्हावे की नाही यावरून पेटलेल्या 1947-48 च्या संघर्षात कासिम रझवी यांच्या रझाकार या सशस्त्र संघटनेने दहशत माजवली. भारतात विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट 1948 मध्ये हैदराबादेत हत्या झाली. ते मुसलमान होते, हे येथे आवर्जून नोंदवले पाहिजे, कारण ती लढाई दोन धर्मांची होती असे सांगणाऱ्यांना त्यांच्या मृत्यूचा अर्थ लावता येत नाही.

13 ते 17 सप्टेंबर 1948 च्या भारताच्या लष्करी कारवाईने निजामी सत्ता संपली, पण मौन संपले नाही. कारवाईच्या काळात व नंतर मुसलमानांवर झालेल्या अत्याचारांची पाहणी करण्यासाठी केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने संस्थानात 27,000 ते 40,000 माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला आणि अधिक पीडित आठ जिल्ह्यांत बीडचा समावेश केला. हा अहवाल सरकारने प्रसिद्ध केला नाही. तो अनेक दशकांनंतर अभ्यासकांना खुला झाला, तोवर साक्ष देऊ शकणारी पिढी बहुतांशी निघून गेली होती. मुक्तीचा अभिमान बाळगणाऱ्या जिल्ह्याने हे प्रकरणही स्वतःच्याच इतिहासात धरले पाहिजे.

बातमी अडवण्याचा प्रश्न निजामाबरोबर संपला नाही. 30 ऑक्टोबर 2023 रोजी मराठा आरक्षण आंदोलनात माजलगाव व बीड येथे आमदारांची घरे जाळली गेल्यावर संचारबंदी आणि इंटरनेटबंदी आली. तो युद्धकाळ नव्हता आणि सरकारही निवडून आलेले होते, म्हणून दोन्ही काळ एका मापाने मोजणे अन्यायाचे ठरेल. अफवांनी आग भडकते हेही खरे आहे. परंतु जमावाला रोखणारी बंदी घरात अडकलेल्या निरपराधाचाही आवाज बंद करते. म्हणूनच सर्वोच्च न्यायालयाने 10 जानेवारी 2020 च्या अनुराधा भसीन निकालात बेमुदत बंदी अमान्य केली आणि बंदीचे आदेश प्रसिद्ध करणे बंधनकारक ठरवले. असा प्रत्येक आदेश, कारणासह आणि मराठीत, जिल्ह्यातील तहसील कचेऱ्यांच्या फलकावर लागलाच पाहिजे, आणि बीडच्या नागरिकांनी तो मागितला पाहिजे.