मादी उंदराचे चार दिवस

१९२२ साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील जोसेफ लाँग आणि हर्बर्ट इव्हान्स यांचा मादी उंदराच्या प्रजननचक्रावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. हे चक्र अवघ्या चार-पाच दिवसांचे. योनिमार्गातील पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या, की मादी चक्राच्या कोणत्या टप्प्यात आहे ते कळे. त्यासाठी तिला मारावे लागत नसे, आणि तीच मादी दिवसामागून दिवस तपासता येई.

त्याच वर्षी इव्हान्स आणि कॅथरीन स्कॉट बिशप यांनी नोंदवले, की शुद्ध केलेल्या घटकांच्या आहारावर वाढलेल्या माद्या निरोगी दिसत, गर्भही धरत. पण तो गर्भ पोटातच विरून जाई. आहारात लेट्यूसची पाने येताच पिल्ले सुखरूप जन्मली. त्या अज्ञात घटकाला पुढे ई जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

पण ज्या चक्रामुळे मादी मोलाची ठरली, त्याच चक्राचे कारण सांगून प्रजननाबाहेरच्या संशोधनातून तिला वगळले जाऊ लागले. तिची संप्रेरके बदलतात, म्हणून निष्कर्ष विस्कळीत होतील, असा समज रूढ झाला. (नरांचीही संप्रेरके स्थिर नसतात, हे सोयीस्करपणे विसरले गेले.) सस्तन प्राण्यांवरील २००९ सालच्या शोधनिबंधांची छाननी झाली, तेव्हा मेंदूविज्ञानात एका केवळ-मादी अभ्यासामागे साडेपाच केवळ-नर अभ्यास निघाले. त्या संशोधनातून घडणारी औषधे मात्र स्त्रियाही घेणार होत्या.

२०१६ मध्ये जिल बेकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरील शेकडो शोधनिबंधांतील आकडे एकत्र तपासले. माद्यांच्या निष्कर्षांतील चढउतार नरांपेक्षा अधिक नव्हता. चक्राचा टप्पा न पाहताही नाही.