वाटा किती आणि वाट्याला किती?

भारताच्या आर्थिक इतिहासावर बोलायला उभं राहिलं की एक आकडा हमखास टाळ्या घेतो. सन १७०० च्या सुमारास जगाच्या एकूण उत्पन्नात भारताचा वाटा जवळजवळ २४ टक्के होता. १९५० साली तो ४ टक्क्यांवर आला. आपण सगळ्यांनीच हा आकडा ऐकलाय, कधी अभिमानाने सांगितलाही आहे. आज तो जरा उलगडून पाहू.

हा हिशेब ब्रिटिश अर्थ-इतिहासकार अँगस मॅडिसन यांचा. तेव्हा ना जनगणना होती, ना राष्ट्रीय उत्पन्नाची मोजदाद, त्यामुळे हे अंदाज आहेत हे आधी लक्षात ठेवू. पण त्याच हिशेबाचा दुसरा रकाना आपण सहसा वाचत नाही. १७०० साली जगाची लोकसंख्या होती सुमारे ६० कोटी आणि भारताची साडेसोळा कोटी. म्हणजे माणसं २७ टक्के आणि उत्पन्न २४ टक्के! वाटा मोठा होता, कारण खाणारी तोंडंही तितकीच होती. सोन्याचा धूर दरबारात निघत असेल, पण सरासरी माणसाच्या वाट्याला जगाच्या सरासरीपेक्षा थोडं कमीच येत होतं.

मग घडलं काय? १९९० च्या डॉलरच्या भावाने मोजलं, तर भारताचं दरडोई उत्पन्न १७०० साली ५५० होतं आणि १९५० साली ६१९. अडीचशे वर्षांत एवढीच वाढ. याच काळात ब्रिटन १,२५० वरून जवळजवळ ७,००० वर गेला, म्हणजे साडेपाच पट. आता गंमत बघा, ही साडेपाच पट वाढ दरसाल किती टक्क्यांनी झाली? सरासरी एक टक्कासुद्धा नाही, पाऊण टक्क्याहूनही कमी! चक्रवाढीचं सामर्थ्य दरात कमी आणि सातत्यात जास्त असतं. आपल्याकडे सातत्य होतं ते जागच्या जागी राहण्याचं.

याचा अर्थ लूट झाली नाही, असा मुळीच नाही. उलट लुटीचा हिशेब मांडणाऱ्या दादाभाई नौरोजींनीच योग्य प्रश्न विचारला होता. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेला हा माणूस. देशाचं उत्पन्न माणशी वाटून त्यांनी आकडा काढला, वर्षाला २० रुपये. मग तो तुरुंगातल्या कैद्यावर होणाऱ्या खर्चाशी ताडून पाहिला, तर कैद्याचा खर्च जास्त निघाला. जगात आपला क्रमांक कितवा, हे त्यांनी विचारलं नाही. माणसाचं पोट भरतं का, हे विचारलं.

स्वातंत्र्यानंतरची तीस वर्षं हाच धडा देतात. वाढीचा दर साडेतीन टक्के, पण लोकसंख्याच दोन टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. माणशी उरला जेमतेम सव्वा टक्का. दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील हे काढायचं तर ७० ला दराने भागायचं. सव्वा टक्क्याने ५६ वर्षं, म्हणजे आजोबांचा पगार नातवाच्या काळात दुप्पट! चार टक्क्यांनी साडेसतरा वर्षं, म्हणजे एकाच आयुष्यात दोन-तीनदा.

आज आपण पुन्हा जगातल्या मोठ्या अर्थव्यवस्थांत गणले जातो. टाळ्या जरूर वाजवू, पण त्याआधी दादाभाईंसारखा भागाकार करू. आणि तो केल्यावर सरासरीच्या खाली किती जण उरले, हेही विचारू.