कर्व्यांची दोन पुस्तकं

बांद्याहून आम्ही बचत गटाच्या बायका बोलतोय. घरात सासूबाई असतील, मुली असतील, तर रेडिओ बंद करू नका. त्यांनाही ऐकू दे.

मध्यंतरी आमच्या बैठकीत हप्ते जमा झाले, सह्या झाल्या, आणि उठता उठता एका वयनीने हळूच विचारलं, "माजा ऑपरेशन होवन धा वर्सां झाली. मगे ह्यो त्रास खंयसून इलो?" त्रास म्हणजे अंगावरून वास येणारं पांढरं जाणं आणि ओटीपोटात दुखणं. ऑपरेशन झालं म्हणजे त्या बाजूची काळजी कायमची मिटली, असं तिला वाटत होतं. खरं सांगायचं तर बैठकीतल्या निम्म्या जणींना तसंच वाटत होतं. हा समज आपल्यात आला कुठून, ते शोधायला आम्ही शंभर वर्षं मागे गेलो. आज तीच गोष्ट सांगतो.

ही गोष्ट आपल्याच कोकणातून सुरू होते. महर्षी धोंडो केशव कर्वे आपल्याला माहीत आहेत. दापोली तालुक्यातलं मुरूड हे त्यांचं गाव. त्यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली बाळंतपणात गेली. वय अवघं सत्तावीस. तेव्हा तिचा मुलगा रघुनाथ नऊ वर्षांचा होता. हाच मुलगा पुढे गणिताचा प्राध्यापक झाला, आणि बायकांना नको असलेली बाळंतपणं टाळता यावीत म्हणून त्याने सगळं आयुष्य घातलं.

रघुनाथरावांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं. त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स या बाईंनी आपला दवाखाना उघडला होता. म्हणजे आपण जगाच्या मागे नव्हतो. रघुनाथरावांच्या पत्नी मालतीबाई या कामात त्यांच्याबरोबर होत्या. स्वतःला मूल होऊ द्यायचं नाही, हा निर्णयही दोघांनी मिळून घेतला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. १९२३ साली रघुनाथरावांची दोन पुस्तकं आली. एक संततिनियमनावर, म्हणजे मूल कधी आणि किती हे ठरवण्यावर. दुसऱ्याचं नाव 'गुप्तरोगांपासून बचाव'. एकाच माणसाने एकाच वर्षी ही दोन पुस्तकं लिहिली, कारण नवराबायकोच्या संबंधातून गर्भ राहू शकतो तसा रोगही येऊ शकतो. एकाचा बंदोबस्त केला म्हणून दुसऱ्याचा आपोआप होत नाही.

तो काळ आठवा. आपल्या कोकणातले पुरुष गिरणीत कामाला मुंबईला जायचे, खोलीत दाटीवाटीने राहायचे, आणि गणपतीला, शिमग्याला गावी यायचे. मुंबईत तेव्हा पुरुषांच्या मानाने बायका निम्म्याच्या आसपास होत्या. गरमी आणि परमा हे रोग शहरात पसरलेले होते आणि त्यांवर पेनिसिलिन अजून यायचं होतं. तिकडे लागलेला रोग इकडे गावातल्या बाईला व्हायचा. तिचा त्यात काही दोष नसायचा, तरी बोल तिलाच लागायचा.

हे उघड बोलण्याची किंमत रघुनाथरावांनी मोजली. १९२५ साली त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं आणि १९५३ साली मरेपर्यंत चालवलं. वाचक आपल्या अडचणी कळवायचे, ते उत्तरं द्यायचे. त्यावरून अश्लीलतेचे खटले झाले. १९३१ साली दंड झाला. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक प्रश्नांना वाहिलेल्या मासिकात वाचकांनी त्याबद्दल विचारलं, तर उत्तर देणं हा गुन्हा कसा, असा त्यांचा मुद्दा होता. कोर्टाने तो मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला. बाबासाहेबांनी विषय सोडला नाही. १९३८ साली मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाकडून मांडला गेला. तो बहुमताने फेटाळला गेला. त्याच सुमारास शकुंतला परांजपे यांनी पुण्यात असंच केंद्र चालवायला घेतलं.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटलं. १९५२ साली भारत सरकारने कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. सरकारने असा कार्यक्रम हाती घेणारा हा जगातला पहिला देश. पण सरकारने कर्व्यांचं पहिलं पुस्तक उचललं आणि दुसरं मागे राहिलं. किती ऑपरेशनं झाली ते मोजलं जाऊ लागलं. बाईची तब्येत कशी आहे, हे विचारणं राहून गेलं. आणीबाणीत १९७६-७७ या एका वर्षात साठ लाखांहून जास्त पुरुषांची नसबंदी झाली, कित्येकांची जबरदस्तीने. त्या धसक्याने पुरुष मागे सरले आणि सगळा भार बायकांवर आला. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या विवाहित बायकांपैकी जवळजवळ ३८ टक्के जणींचं ऑपरेशन झालेलं होतं. पुरुषाची नसबंदी शंभरात एकाचीही नव्हती. खरं तर पुरुषाचं ऑपरेशन जास्त सोपं आणि कमी धोक्याचं.

दुसरं पुस्तक विसरल्याचं नुकसान किती झालं, ते पुढे गडचिरोलीत कळलं. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायकांची तपासणी केली. १९८९ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात ते छापून आलं आणि जगभर गाजलं. शंभरातल्या ९२ बायकांना स्त्रियांचा कुठला ना कुठला आजार होता. आधी कधी तपासणी झालेल्या मात्र शंभरात आठच. बाकीच्या पदर खोचून शेतात काम करत होत्या. विचारलंच नाही कुणी, म्हणून सांगितलंही नाही.

त्या वयनीच्या प्रश्नाचं उत्तर आता देता येतं. बाईच्या ऑपरेशनात गर्भनलिका बंद होतात, म्हणून गर्भ राहत नाही. रोगजंतूंची वाट त्याने बंद होत नाही. तांबी, गोळ्या, तीन महिन्यांनी घ्यायचं अंतरा इंजेक्शन, यांचंही तसंच. गर्भ आणि रोग या दोन्हींपासून संरक्षण देणारं साधन एकच, निरोध. तो उपकेंद्रात फुकट मिळतो, आशाताईंकडेही मिळतो.

आणखी एक गोष्ट नीट ऐका. पांढरं जाणं म्हणजे दर वेळी लैंगिक आजारच असतो असं नाही. थोडं स्वच्छ, बिनवासाचं पाणी जाणं नैसर्गिक आहे. काही संसर्ग संबंधातून न येताही होतात. म्हणून लगेच नवऱ्यावर संशय घेऊ नका, स्वतःलाही दोष देऊ नका. पण वास, खाज, ओटीपोटात दुखणं, जखम किंवा फोड असेल, तर अंगावर काढू नका. गरमी, परमा हे आजार आज औषधाने पूर्ण बरे होतात. न बघितलेला आजार गर्भनलिकांपर्यंत पोचला तर पुढे मूल राहणं अवघड होऊ शकतं. गरोदर बाईला गरमी असेल तर बाळही दगावू शकतं, म्हणून ती रक्ततपासणी चुकवू नका. आणि आजार संबंधातून आलेला असेल तर औषध दोघांनी घ्यायचं. एकीनेच घेतलं तर तो फिरून येतो.

आपली माणसं आज गोव्यात कामाला जातात, मुंबईला राहतात, गाडीवर असतात. शंभर वर्षांपूर्वीसारखंच आहे ते. फरक एवढाच की आज औषध आहे, तपासणी आहे, जिल्हा रुग्णालयात सुरक्षा क्लिनिक आहे.

त्या वयनीबरोबर आमच्यातल्या दोघी आरोग्य केंद्रात गेल्या. तिला काय निघालं ते आम्ही सांगणार नाही, ते तिचं आहे. तुम्हीही कुणाबरोबर गेलात तर एवढं पाळा. आणि पुढच्या बैठकीत हप्ते झाल्यावर पाच मिनिटं जास्त बसा. कुणाला तरी विचारायचं असेल.