चौसष्ट बाइटांचें टांचण

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं, माळ्यावर किंवा कोपऱ्यांतल्या मेजाखालीं, वीस-पंचवीस वर्षांपूर्वीं घेतलेला एखादा संगणक फडक्यानें झांकून ठेवलेला असेल. तो टाकून देववत नाहीं आणि वापरण्याचें कारणही पडत नाहीं. अशा संगणकास कांहीं वर्षांनीं पुन्हां वीज दिली म्हणजे तो बहुधा सुरू होतो. परंतु सुरू होतांच काळ्या पडद्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत एक तक्रार उमटते, कीं टांचणाची बेरीज जुळत नाहीं, सबब तसेंच पुढें जावयाचें असल्यास एफ-१ ही कळ दाबावी, आणि टांचण दुरुस्त करावयाचें असल्यास डिलीट दाबावी. घरांतील मंडळी साहजिकच पहिली कळ दाबतात. आम्ही ह्या लेखांत दुसरी दाबणार आहों. ती दाबल्यावर जो निळा पडदा उघडतो, त्यावरील एकेका ओळीमागें संगणकाच्या इतिहासाचें एकेक प्रकरण आहे. आणि यंत्रानें कोणाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, हा वादही त्या ओळींतूनच आजवर चालत आलेला आहे.

आरंभीं एक अडचण ध्यानांत घेतली पाहिजे. वीज सुरू झाली त्या क्षणीं संगणकाच्या मुख्य चिपला कांहींही ठाऊक नसतें. तिला आज्ञा वाचून त्याबरहुकूम वागतां येतें. पण आज्ञा असतात डिस्कवर, आणि डिस्क वाचावी कशी हें सांगणाऱ्या आज्ञाही डिस्कवरच! कसरतपटु कितीही कसलेला असला तरी त्यास स्वतःच्या खांद्यावर चढतां येत नाहीं, हा आपल्याकडील शास्त्रकारांचा जुना दृष्टान्त येथें तंतोतंत लागू पडतो. १९७५ मध्यें अमेरिकेंत निघालेल्या अल्टेअर ८८०० ह्या यंत्राचा मालक ही अडचण आपल्या बोटांनीं सोडवी. दर वेळीं यंत्र सुरू केलें कीं दर्शनी बाजूवरील खटके खालींवर करून तो पहिल्या आज्ञा एकामागून एक स्मृतींत भरीत असे. एक खटका चुकला म्हणजे सारे मुसळ केरांत.

ह्यावर उघड उपाय म्हणजे त्या पहिल्या आज्ञा वीज गेली तरी न विसरणाऱ्या चिपमध्यें कायमच्या कोरून ठेवणें. अशा चिपला रॉम म्हणतात. त्याच सुमारास माँटेरे येथील नौदलाच्या उच्च शिक्षणसंस्थेंत शिकविणारे गॅरी किल्डॉल ह्यांनीं सीपी/एम नांवाची कार्यप्रणाली रचिली. निरनिराळ्या कारखान्यांचीं यंत्रें निरनिराळ्या घडणीचीं, आणि प्रत्येकासाठीं सगळी प्रणाली नव्यानें लिहिणें परवडण्याजोगें नव्हतें. म्हणून जेवढा भाग कळफलक, पडदा, डिस्क ह्यांच्याशीं प्रत्यक्ष व्यवहार करतो, तेवढा किल्डॉल ह्यांनीं वेगळा काढला आणि त्यास ‘बेसिक इनपुट/आउटपुट सिस्टीम’ असें नांव दिलें. आद्याक्षरें घेऊन त्याचें बायॉस झालें. किल्डॉल १९९४ सालीं वारले. त्यांची प्रणाली आज क्वचितच कोणी चालवीत असेल, पण तो शब्द मात्र कोट्यवधि यंत्रांच्या पडद्यांवर उमटून गेला.

आयबीएम कंपनीनें १२ ऑगस्ट १९८१ रोजीं आपला ‘पर्सनल कॉम्प्युटर’ जाहीर केला, त्याच्या पोटांत ४० किलोबाइटांची रॉम होती. त्यांपैकीं ३२ किलोबाइट बेसिक ह्या भाषेनें व्यापिलेले होते, आणि बायॉसच्या वांट्यास अवघे ८ किलोबाइट आले होते. एवढ्याशा जागेंत यंत्राच्या अवयवांची परीक्षा घेण्याचें काम येई. परंतु आपल्याला किती फ्लॉपी जोडलेल्या आहेत, पडदा रंगीत कीं एकरंगी, मुख्य फलकावर स्मृति किती बसविली आहे, हें यंत्रास कळावें कसें? तें मालकानें सांगावयाचें. मुख्य फलकावर आठ-आठ बारीक खटक्यांचे दोन संच होते, आणि पुस्तिकेंतील कोष्टक पाहून एखाद्या टोंकदार वस्तूनें ते सरकवावे लागत. त्या कामीं पेन्सिल घेऊं नये, शिशाची पूड खटक्यांत जाऊन बसते, असें जाणते लोक बजावीत. नवी स्मृति घालावयाची तर पेटी उघडा, खटके फिरवा, पेटी मिटा. ही रीत गैरसोयीची खरी. पण तींत एक सरळपणा होता. मालकानें दिलेली माहिती डोळ्यांस दिसे, बोटास लागे, आणि वीज गेली तरी तिला धक्का पोंचत नसे.

येथें थोडें विषयांतर करणें भाग आहे, कारण त्यावांचून हा निळा पडदा आपल्या घरापर्यंत कसा आला हें समजणार नाहीं. आयबीएमनें त्या यंत्राचे बहुतेक भाग बाजारांतून घेतलेले होते. तिचें स्वतःचें म्हणावें असें मुख्यतः बायॉस. आणि गंमत अशी कीं, त्या बायॉसची संपूर्ण संहिता, ओळीओळीवरील टिपांसह, कंपनीनें आपल्या तांत्रिक ग्रंथांत छापून विकावयास ठेविली होती. ती वाचण्यास कोणासही मोकळीक होती. नकलण्यास कोणासही नव्हती. ज्यानें ती वाचली त्यानें पुढें स्वतःचें म्हणून कांहीं लिहिलें, तरी न्यायालयांत त्याच्यावर नकलेचा आरोप येणार! रॉममध्यें कोरलेल्या आज्ञांनाही ग्रंथस्वामित्वाचा कायदा लागू होतो, हा निर्णय ॲपल विरुद्ध फ्रँकलिन ह्या खटल्यांत अमेरिकेच्या वरिष्ठ न्यायालयानें १९८३ मध्यें दिलाच. तेव्हां ह्यांतून वाट काढणारांनीं दोन कोठड्यांची युक्ति योजिली. एका कोठडीतल्या लोकांनीं आयबीएमचें बायॉस अभ्यासावें आणि तें काय काय करतें एवढेंच लिहून काढावें, कसें करतें हें लिहूं नये. दुसऱ्या कोठडीत मूळ संहिता जन्मांत न पाहिलेल्या लोकांनीं त्या वर्णनावरून नवी संहिता रचावी. कॉम्पॅक कंपनीनें ह्या रीतीनें आपलें यंत्र सिद्ध करून १९८२ च्या अखेरीस तें जाहीर केलें. फिनिक्स कंपनीनें १९८४ मध्यें त्याहून दूरगामी गोष्ट केली: याच रीतीनें केलेलें बायॉस तिनें पैसे देईल त्या कारखानदारास विकावयास काढलें.

परिणाम काय झाला तो आपण पाहिलाच आहे. ८ किलोबाइटांचें कुलूप निघालें आणि ‘आयबीएमशीं जुळणारें’ यंत्र करणें हा जगांतील वाटेल त्या कारखान्याचा धंदा झाला. पुढें अवॉर्ड आणि अमेरिकन मेगाट्रेंड्स हीं नांवेंही घरोघरच्या पडद्यांवर दिसूं लागलीं. ह्यांतील दुसरी कंपनी १९८५ मध्यें स्थापणाऱ्यांत सुब्रमण्यन शंकर हे भारतीय गृहस्थ होते. १९९० नंतरच्या दशकांत मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जोडलेला जो संगणक मध्यमवर्गीय घरांत शिरला, तो ह्या दोन कोठड्यांच्या युक्तीचाच दूरचा वंशज होय.

आतां टांचणाकडे वळूं. १९८४ मध्यें आयबीएमनें एटी नांवाचें नवें यंत्र काढलें, आणि त्यांत बहुतेक खटके जाऊन त्यांच्या जागीं मोटोरोला कंपनीची घड्याळाची एक चिप आली. यंत्र बंद असतांनाही लहानशा बॅटरीवर ती चाले. ह्या चिपमध्यें ६४ बाइटांची स्मृति होती. १४ बाइट घड्याळानें आपल्याकडे ठेविले, आणि उरलेल्या ५० बाइटांत यंत्राच्या अवयवांचें टांचण लिहून ठेवण्याची सोय झाली. चिप ज्या पद्धतीनें घडविली होती तिच्या आद्याक्षरांवरून ह्या स्मृतीसच लोक सीमॉस म्हणूं लागले. टांचण बिघडलें तर कळावें म्हणून त्यांतील ठराविक आंकड्यांची बेरीज त्याच्याच शेजारीं नोंदलेली असते. सुरुवातीस बायॉस ती बेरीज पुन्हां करून पाहतें, आणि न जुळल्यास तक्रार करतें. आपण आरंभीं पाहिली ती तक्रार हीच.

टांचण भरण्याचा कार्यक्रम मात्र एटीच्या पोटांत नव्हता; तो वेगळ्या फ्लॉपीवर दिलेला असे. बॅटरी संपली कीं पडद्यावर १६१ हा आंकडा येऊन ‘सेटअप चालवा’ अशी सूचना होई, आणि मग त्या फ्लॉपीसाठीं सारीं कपाटें धुंडाळलीं जात. हा कार्यक्रम रॉममध्येंच घालण्याची सोय पुढें रूढ झाली, आणि आपला निळा पडदा जन्मास आला.

त्यावरील सर्वांत अवघड ओळ हार्ड डिस्कची. एटीच्या रॉममध्यें डिस्कच्या चौदा प्रकारांची यादी होती, आणि मालकानें त्यांपैकीं आपला प्रकार सांगावयाचा. दुसरा प्रकार म्हणजे ६१५ सिलिंडर, ४ वाचकशीर्षें आणि प्रत्येक वर्तुळावर १७ विभाग, एकूण सुमारें २० मेगाबाइट. पुढें बाजारांत इतक्या तऱ्हेच्या डिस्क आल्या कीं यादी चाळिसांच्या पुढें गेली, आणि शेवटीं ‘मालक सांगेल तो’ असा एक प्रकार घालावा लागला. मग हे तीन आंकडे चिठ्ठीवर लिहून पेटीच्या आंतल्या अंगास चिकटविण्याची चाल पडली. चिठ्ठी हरवली तर डिस्क शाबूत असूनही आंतील मजकूर हातीं लागत नसे. आणि आंकडे चुकीचे दिले तर यंत्र त्यांवरही भाबडेपणानें विश्वास ठेवी, मग त्यावर नवें कांहीं लिहितांच जुन्याचा नाश ओढवे. खटक्यांच्या सरळपणाची आम्हीं वर स्तुति केली, तिची ही दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. नंतरच्या डिस्क स्वतःचें वर्णन स्वतःच सांगूं लागल्या, आणि मालकाकडे फक्त ‘ओळखून घे’ एवढें म्हणण्याचें काम राहिलें. तरीही जुनी मोजणी सहजासहजीं सुटली नाहीं. बायॉसला १०२४ च्या पुढें सिलिंडर मोजतां येत नव्हते, डिस्कच्या बाजूस १६ च्या वर शीर्षें सांगतां येत नव्हतीं; दोघांच्या मर्यादा एकत्र येऊन ५२८ मेगाबाइटांवर कुंपण पडलें. ‘नॉर्मल, लार्ज, एलबीए’ हे जे तीन पर्याय त्या पडद्यावर दिसतात, ते ह्या कुंपणांत पाडलेल्या खिंडी आहेत.

यंत्रानें प्रथम कोठें पहावें, फ्लॉपीवर कीं हार्ड डिस्कवर, ही ओळ वरवर क्षुल्लक दिसते. परंतु १९८६ मध्यें लाहोरच्या दोघां भावांनीं केलेला ‘ब्रेन’ हा विषाणु फ्लॉपीच्या पहिल्याच विभागांत बसून पसरला, आणि त्याच्या मागून त्याच जातीचे कित्येक आले. फ्लॉपी यंत्रांत विसरून राहिली आणि सकाळीं यंत्र सुरू केलें, कीं लागण झालीच. ‘आधीं हार्ड डिस्क, मग फ्लॉपी’ एवढा एक बदल केल्यानें ह्या वाटेस अडसर बसे, आणि त्यास एक पैसाही लागत नसे. पुढें बायॉसच वीज देऊन पुन्हां लिहितां येईल अशा फ्लॅश चिपमध्यें राहूं लागलें. दोष निघाल्यास चिप न बदलतां दुरुस्ति करण्याची सोय झाली, आणि त्याच दारानें नवें संकट आलें. तैवानमधील एका विद्यार्थ्यानें केलेला सीआयएच हा विषाणु २६ एप्रिल १९९९ रोजीं जागा झाला. त्यानें डिस्कवरील मजकूर तर नासलाच, पण जेथें साधलें तेथें बायॉसही पुसलें. अशा यंत्रास तक्रार करण्यापुरतेंही शब्द उरले नाहींत. वीज दिली तरी पडदा काळाच.

बॅटरीचीही कथा आहे. कांहीं वर्षें निकेल-कॅडमियमची नळकांड्यासारखी बॅटरी मुख्य फलकावरच डाखून टाकीत. ती जुनी झाली कीं पाझरे, आणि आसपासच्या तांब्याच्या रेषा हिरव्या पडून खाऊन जात. टांचण जपण्यासाठीं ठेविलेल्या रखवालदारानेंच घर पोखरावें, तशांतला हा प्रकार. डॅलस कंपनीनें बॅटरी, घड्याळ आणि स्मृति हीं एकाच ठोकळ्यांत लाखेसारख्या पदार्थानें कायमचीं बंद केलीं. दहा वर्षें पाहावयास नको, ही सोय. अकराव्या वर्षीं काय करावें, ही अडचण. जुनीं यंत्रें जपणारे हौशी लोक तो ठोकळा पात्यानें कोरून बाहेरून नवी बॅटरी जोडतात. शेवटीं सीआर २०३२ ही रुपयासारखी चपटी बॅटरी आली, आणि तिनेंच घरोघर ठाण मांडलें.

इकडे बायॉसचे दिवस भरत आले होते. इंटेल कंपनीनें आरंभिलेल्या नव्या रचनेचा कारभार २००५ मध्यें अनेक कंपन्यांच्या मंडळाकडे गेला, आणि यूईएफआय हें नांव रूढ झालें. माउस, चित्रें, प्रचंड डिस्क, सर्व कांहीं आलें. त्याबरोबर अधिकृत सही असलेल्याच कार्यप्रणालीस आंत घेणारी ‘सिक्युअर बूट’ ही व्यवस्थाही आली. ब्रेनसारख्यांचा अनुभव पाहतां तिची आवश्यकता कोणीही नाकारणार नाहीं. परंतु ती सही मान्य करण्याचा अधिकार कोणाचा? विंडोज ८ च्या वेळीं, २०१२ मध्यें, मायक्रोसॉफ्टनें कारखानदारांस घातलेली अट अशी होती कीं, इंटेल जातीच्या यंत्रांवर मालकास ही व्यवस्था बंद करतां आलीच पाहिजे. २०१५ मध्यें विंडोज १० आलें, आणि ती मुभा ठेवणें न ठेवणें कारखानदाराच्या मर्जीवर गेलें. ज्या खोलींत चुकीचे आंकडे लिहून स्वतःचें नुकसान करून घेण्याचाही हक्क मालकास होता, तिची किल्ली त्याच्याकडे राहील कीं नाहीं हें आतां तिऱ्हाइताच्या मनावर अवलंबून राहिलें. आणि सुरक्षितपणाच्या नांवाखालीं हें इतक्या निमूटपणें घडलें, हें आम्हांस बरें वाटत नाहीं. न्यू मेक्सिकोंतील लॉस अलामॉस प्रयोगशाळेंत १९९९ मध्यें सुरू झालेला, आणि पुढें कोअरबूट ह्या नांवानें चाललेला मोकळ्या संहितेचा उद्योग ह्याच अस्वस्थतेवर पोसला आहे.

माळ्यावरच्या त्या संगणकास ह्यांतील कशाचीच झळ लागलेली नाहीं. त्याची वायर काढावी, पेटी उघडावी, चपटी बॅटरी बदलावी. मग वीज देऊन डिलीट कळ दाबावी. पहिल्याच पानावर तारीख असते. ती कित्येक वर्षें मागें गेलेली आढळेल, तेथें आजची घालावी. खालीं डिस्क ‘ओळखून घे’ असें सांगावें, सुरुवातीचा क्रम हार्ड डिस्कपासून लावावा, आणि जें कळत नाहीं त्यास हात लावूं नये. नंतर एफ-१० दाबलें म्हणजे यंत्र विचारतें, हें टांचण जपून ठेवूं काय? हो म्हणण्यासाठीं एक अक्षर उमटवावें लागतें.