आधी रस्ता की आधी पाटी? नव्या वसाहती, नगरपरिषदा आणि एका डच शब्दाचा इतिहास

 शहरांचा इतिहास सांगताना आपण इमारतींबद्दल बोलतो, पाणीपुरवठ्याबद्दल बोलतो, फार तर गटारांबद्दल बोलतो. घरासमोरच्या रस्त्याचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. आज तो सांगायचा आहे. प्रश्न साधा आहे. नवी वसाहत उभी राहिली, माणसं राहायला आली. आता तिथल्या रस्त्यावरून गाडी किती वेगानं जाणार हे कोण ठरवतं? आणि केव्हा ठरवतं? यातला ‘केव्हा’ जरा लक्षात ठेवा, कारण सगळी गोष्ट त्याच्याभोवती फिरते.

यासाठी आपण नेदरलँड्समध्ये जाऊ. तिथे सायकली फार, हे सगळ्यांना माहीत असतं. पण म्हणून तो देश निवडलेला नाही. हा वाद तिथे नगरपरिषदांच्या सभागृहांत लढला गेला आणि शेवटी कायद्यात उतरला, म्हणून निवडला.

पार्श्वभूमी अशी. तिथे १९०१ साली गृहनिर्माण कायदा झाला. दहा हजारांहून जास्त वस्तीच्या नगरपालिकांनी आपल्या गावाच्या वाढीचा आराखडा केलाच पाहिजे, असं त्यात म्हटलं होतं. पुढे १९६५ मध्ये नवा नियोजन कायदा लागू झाला, आणि नागरिकांवर थेट बंधनकारक असणारा जमीनवापराचा आराखडा मंजूर करायचं काम नगरपरिषदेकडेच राहिलं. म्हणजे नव्या वसाहतीत घर कुठे आणि रस्ता कुठे, हे निवडून आलेल्या स्थानिक सभेत ठरायचं. ही जुनी सवय पुढे फार उपयोगी पडली.

दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे घरांची भयंकर टंचाई होती. मग बांधकामाचा सपाटा सुरू झाला. १९७३ या एका वर्षात दीड लाखांहून जास्त घरं बांधून झाली. त्याच काळात मोटारीही वाढल्या. १९६० मध्ये साधारण पाच लाख, १९७० पर्यंत साधारण पंचवीस लाख. दहा वर्षांत पाचपट! आता नव्या वसाहतीत राहायला कोण येतं? तरुण जोडपी आणि त्यांची लहान मुलं. म्हणजे सगळ्यात जास्त मुलं आणि सगळ्यात जास्त नव्या गाड्या, दोन्ही एकाच रस्त्यावर आले. गावातली वेगमर्यादा १९५७ पासून ताशी ५० किलोमीटर होती. कागदावर.

आता एमेन या गावात जाऊ. देशाच्या ईशान्येला द्रेंथे नावाचा प्रांत आहे. पीट खणून जळण विकायचं, हा इथला जुना व्यवसाय, भाग गरीब. युद्धानंतर तिथे कारखाने आणले गेले आणि गाव वाढू लागलं. गावाच्या नियोजनात नीक दे बूर नावाचे नगररचनाकार होते. आंखेल्स्लो आणि एमरहाउट या १९६० च्या दशकातल्या नव्या वसाहतींशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. ब्रिटनमध्ये १९६३ साली कॉलिन ब्यूकॅनन यांचा ‘ट्रॅफिक इन टाउन्स’ हा अहवाल आला होता. राहण्याच्या भागातला रस्ता म्हणजे नुसती गाड्यांची वाट नव्हे, तिथे राहणाऱ्यांचं वातावरणही जपलं पाहिजे, हा त्यातला मुद्दा. दे बूर यांना त्यातून प्रेरणा मिळाली असं मानलं जातं.

त्यांनी केलं काय? मोठा रस्ता वसाहतीच्या कडेनं नेला. आतले रस्ते आरपार ठेवले नाहीत, ते घरांपाशीच संपवले. चालायच्या आणि सायकलच्या वाटा वेगळ्या काढल्या. आणि घरांसमोरच्या त्या जागेला नाव दिलं ‘वोनएर्फ’. ‘वोन’ म्हणजे राहणं, आणि ‘एर्फ’ म्हणजे शेतघराभोवतीची मोकळी जागा. आपल्याकडे ‘अंगण’ म्हटलं की जे डोळ्यांसमोर येतं, तेच. अंगणात बैलगाडी येत नाही का? येते. पण अंगण बैलगाडीचं नसतं. एवढ्या एका शब्दात सगळं तत्त्व आलं.

इथे एक गोष्ट बघा. एमेनमध्ये हे निर्णय घरं बांधण्याआधी झाले. तेव्हा विरोधही कमी असतो, कारण कुणाची पार्किंगची जागा जात नसते, कुणाच्या दुकानासमोर खोदायचं नसतं. खर्चही कमी, कारण रस्ता एकदाच बांधायचा असतो. पण तेव्हाच मागणीही सगळ्यात कमी असते! ज्या मुलांसाठी हे करायचं, ती अजून तिथे राहायला आलेली नसतात. त्यांचे आईबाप त्या वॉर्डाचे मतदार नसतात. सभागृहात त्यांच्या बाजूनं बोलायला कोणी नसतं. नव्या वसाहतीच्या रस्त्याची हीच अडचण आहे: निर्णय सोपा असतो तेव्हा मागणारा नसतो, आणि मागणारा येतो तेव्हा निर्णय अवघड झालेला असतो.

मग आधीच बांधून झालेल्या गल्ल्यांचं काय? त्यासाठी डेल्फ्ट. तिथल्या नगरपालिकेत योस्ट फाल नावाचे अभियंते होते. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या, दाट वस्तीच्या गल्ल्यांमध्ये प्रयोग सुरू केले. फुटपाथ आणि रस्ता एका पातळीत आणले. मध्येच झाड लावलं, मध्येच कुंडी ठेवली. गाड्या लावायच्या जागा कधी डावीकडे, कधी उजवीकडे, म्हणजे सरळ लांबलचक दृष्टी मिळणार नाही आणि चालकाचा पाय आपोआप एक्सलेटरवरून उठेल. उंचवटे घातले. गल्ली गल्लीसारखी दिसू लागली.

यामागचं गणित शाळेतलं आहे. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ५० चा वर्ग २५००, ३० चा वर्ग ९००. म्हणजे ताशी ५० किलोमीटरनं येणारी गाडी ३० च्या गाडीपेक्षा जवळपास पावणेतीन पट ऊर्जा घेऊन येते. शिवाय ब्रेक दाबायच्या आधीच ती जास्त अंतर कापून गेलेली असते. चेंडूमागे धावणाऱ्या मुलासाठी ५० आणि ३० मधला फरक वीसचा नसतो, जगण्या-मरण्याचा असतो.

तरीही एमेन आणि डेल्फ्ट ही बेटंच राहिली असती. देश हलला तो वेगळ्या कारणानं. १९७१ मध्ये तिथे रस्त्यांवर तीन हजारांहून जास्त माणसं मेली, त्यांत ४०० हून जास्त मुलं होती. तेव्हा देशाची लोकसंख्या सव्वा कोटीच्या थोडी वर, एवढी लहान. त्या मुलांमध्ये व्हिक लांगेनहोफ या पत्रकाराची सहा वर्षांची मुलगी होती. सायकलवरून शाळेत जाताना ती गेली. १९७२ मध्ये त्यांनी लेख लिहिला, मथळा ‘स्टॉप दे किंडरमोर्ट’, म्हणजे ‘बालहत्या थांबवा’. अपघात हा शब्दच त्यांनी नाकारला. त्यातून त्याच नावाची संघटना उभी राहिली. पुढे युरोपीय संसदेच्या सदस्य झालेल्या मार्त्ये फान पुटेन तिच्या पहिल्या अध्यक्ष. अॅमस्टरडॅमच्या ‘दे पैप’ या दाट वस्तीत तर मुलांनी स्वतःच रस्ता अडवून खेळायला जागा मागितली. आता नगरपरिषदांच्या सभांना आईबाप येऊन बसू लागले. मागणारा आला होता.

आणि त्याला द्यायला काहीतरी तयार होतं, हे इतिहासात महत्त्वाचं आहे. आंदोलनं पुष्कळ होतात, संताप पुष्कळ होतो. पण ‘मग करायचं काय?’ असं विचारल्यावर दाखवायला बांधलेली गल्ली असेल, तर सभागृहातला वाद बदलतो. एमेन आणि डेल्फ्टनं ते उत्तर आधीच बांधून ठेवलं होतं.

१९७६ मध्ये वोनएर्फला राष्ट्रीय वाहतूक कायद्यात जागा मिळाली. नियम थोडे आणि स्पष्ट. पायी चालणाऱ्याला रस्त्याची पूर्ण रुंदी वापरता येईल. मुलांना रस्त्यावर खेळता येईल. गाडीनं चालण्याच्या वेगानं जायचं. आखलेल्या जागेशिवाय गाडी लावायची नाही. निळी पाटी आली: घर, माणूस, चेंडूशी खेळणारं मूल, आणि मागे एक गाडी. पण खरी मेख पुढे होती. ही पाटी कुठेही लावता येणार नव्हती. रस्त्याची रचना कायद्यानं ठरवलेल्या कसोट्यांना उतरली, तरच ती पाटी लावायची. आधी रस्ता, मग पाटी.

नगरपरिषदांना या अटीनं कामाला लावलं, कारण नुसता ठराव करून, खांब रोवून मोकळं होता येईना.

याच अटीनं मर्यादाही दाखवली. अख्खी गल्ली उकरून पुन्हा बांधायची म्हणजे पैसा लागतो. सगळ्या गल्ल्यांसाठी तो कोणाकडेच नव्हता. म्हणून १९८० च्या दशकात ताशी ३० किलोमीटरचे विभाग आले, तुलनेनं स्वस्त. मोठा विस्तार झाला तो १९९७ नंतर, जेव्हा केंद्र, प्रांत आणि नगरपालिका यांनी मिळून कार्यक्रम ठरवला आणि केंद्रानं खर्चाचा वाटा उचलला. डिसेंबर २०२३ मध्ये अॅमस्टरडॅमनं शहरातल्या बहुतेक रस्त्यांवर ३० ची मर्यादा लागू केली. १९७२ मध्ये त्या देशात रस्त्यांवर ३,२६४ माणसं गेली होती. २०२३ मध्ये ६८४. सगळं श्रेय या एका निर्णयाचं नाही. सीटबेल्ट, हेल्मेट, दारूचे कायदे, सुधारलेल्या गाड्या आणि दवाखाने, सगळ्यांचा वाटा आहे. पण घरासमोरचा रस्ता त्यात होता.

दुसरी मर्यादा जास्त शिकवणारी आहे. वसाहत आतून शांत केली, की गाड्या जातात कुठे? कडेच्या मोठ्या रस्त्यावर. आणि शाळा, दवाखाना, बाजार बहुधा त्या रस्त्याच्या पलीकडे असतात. म्हणजे धोका संपत नाही, वसाहतीच्या वेशीवर जाऊन उभा राहतो. म्हणूनच एमेनमधल्या त्या वेगळ्या वाटा महत्त्वाच्या. अंगणाबरोबर अंगणातून बाहेर पडायची वाटही काढावी लागते.

आता आपल्याकडे वळू. कारण वेशीवरचा धोका आपल्याला नवा नाही. पुणे घ्या, ठाणे घ्या, नाशिक घ्या. नव्या गृहसंकुलात आत गेलं की काय दिसतं? पेव्हर ब्लॉक, झाडं, ‘हळू चालवा’ अशा पाट्या, शिट्टी घेऊन वॉचमन. मुलं बिनधास्त सायकल चालवताहेत. गेटच्या आत आपण वोनएर्फ केव्हाच बांधलेला आहे, आणि त्याचे पैसे मेंटेनन्समधून भरतोही आहोत. पण ते गेट उघडतं डीपी रोडवर. तो अर्धा झालेला, फुटपाथ तुटक, समोरून डंपर. भोगवटा प्रमाणपत्र मिळालं, माणसं राहायला आली. पलीकडच्या शाळेत जायचा रस्ता ओलांडायचा कसा, हे त्या कागदात कुठे असतं?

आपल्याकडे अधिकारही वाटले गेलेत. विकास आराखडा १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाखाली होतो. रस्ता महापालिका बांधते. वाहनांवरची बंधनं मोटार वाहन अधिनियम १९८८ प्रमाणे राज्य सरकार किंवा त्यानं नेमलेलं प्राधिकरण घालतं, म्हणजे बहुधा वाहतूक पोलीस. त्यामुळे नागरिक नगरसेवकाकडे जातात, नगरसेवक पथ विभागाकडे पाठवतो, पथ विभाग पोलिसांची एनओसी मागतो. मग एक दिवस अपघात होतो, आणि रातोरात स्पीडब्रेकर उगवतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणे ताशी २५ किलोमीटर वेगासाठीचा गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच हवा. रातोरात उगवलेला अरुंद, उंच, बिनरंगाचा उंचवटा स्कूटरवरच्या माणसालाच पाडतो.

२०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन अधिनियमात कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना मानकाप्रमाणे ठेवणं ही प्राधिकरणाची, कंत्राटदाराची, सल्लागाराची जबाबदारी आहे, असं कायदा पहिल्यांदा म्हणतो. पाऊल चांगलंच आहे. पण दंड, तोही जास्तीत जास्त एक लाख रुपये, केव्हा? त्या चुकीमुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आलं तर. म्हणजे कायदा जागा होतो तो बळी गेल्यावर. २०२२ मध्ये आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. जागं व्हायला आणखी किती निमित्तं हवीत?

डच इतिहासातून उंचवटा किंवा कुंडी उचलून आणायची नाहीये. घ्यायचा आहे तो क्रम. माणसं राहायला यायच्या आधी, घर ते शाळा ही वाट बांधून झाली आहे का, हे सभागृहात विचारलं गेलं पाहिजे. ज्यांच्यासाठी विचारायचं, ती माणसं तेव्हा तिथे नसतात. म्हणून ते विचारायचं काम आधी राहायला आलेल्यांचं, म्हणजे शेजारच्या सोसायटीचं, म्हणजे तुमचं आणि माझं. प्रभागातला पुढचा मोठा प्रकल्प मंजुरीला येईल, तेव्हा हरकती-सूचनांच्या मुदतीत एक पानभर अर्ज जरूर द्या. गेटच्या आतलं अंगण छान आहे. आता गेटच्या बाहेरचं बघूया.

इथेच थांबतो.