लॅपटॉपला बाह्य ग्राफिक्स कार्ड : डीप लर्निंगसाठी कितपत उपयुक्त?

कपाशीवरील गुलाबी बोंडअळीने २०१७ मध्ये विदर्भातील शेतकऱ्यांचे मोठे नुकसान केले. पुढे मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेने कामगंध सापळ्यात अडकलेल्या पतंगांचे छायाचित्र पाहून त्यांची संख्या मोजणारे मोबाइल ॲप विकसित केले. छायाचित्रांवरून संगणकाला ओळख शिकविणाऱ्या या तंत्रास डीप लर्निंग म्हणतात. शिकून तयार झालेले मॉडेल मोबाइलवर चालते. त्याच्या प्रशिक्षणास मात्र ग्राफिक्स कार्डाची गरज भासते. बुलडाणा जिल्ह्यातील वरवट बकालसारख्या कापूसपट्ट्यातील गावी लॅपटॉपवर हे काम करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यापुढे बाह्य ग्राफिक्स कार्ड हा एक पर्याय आहे.

जोडणी कशी होते?
डेस्कटॉपचे कार्ड स्वतंत्र वीजपुरवठा असलेल्या पेटीत बसवून ती केबलने लॅपटॉपच्या थंडरबोल्ट पोर्टला जोडतात. २०१५ मध्ये आलेल्या थंडरबोल्ट ३ चा कमाल वेग सेकंदाला ४० गिगाबिट आहे. टाइप-सी आकाराच्या प्रत्येक पोर्टमध्ये ही सोय नसते. त्यामुळे लॅपटॉपची माहितीपुस्तिका आधी तपासणे आवश्यक ठरते.

वेग किती घटतो?
डेस्कटॉपमध्ये कार्डाला सहसा १६ मार्गिका मिळतात, थंडरबोल्ट ३ व ४ वर केवळ ४. गेममध्ये ही उणीव जाणवते. प्रशिक्षणात मात्र मॉडेल एकदा कार्डाच्या मेमरीत गेले की बहुतांश आकडेमोड तेथेच होते. केबलमधून छायाचित्रांचे छोटे गट तेवढे जात राहतात. साहजिकच घट तुलनेने कमी असते. मॉडेल लहान आणि माहिती अफाट असेल, तर केबल अपुरी पडते.

खरेदीपूर्वी
कार्डाच्या वेगाइतकीच त्याची मेमरी महत्त्वाची. मॉडेल मेमरीत मावले नाही, तर प्रशिक्षण थांबते. एनव्हीडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाची १२ जीबी मेमरीची आवृत्ती १७० वॅट वीज घेते. बहुतेक डीप लर्निंग सॉफ्टवेअर याच कंपनीच्या, २००७ पासून उपलब्ध असलेल्या कुडा प्रणालीवर उत्तम चालते. वीज खंडित होण्याची शक्यता असल्यास यूपीएस हवा आणि प्रशिक्षणाची स्थिती ठरावीक अंतराने साठवून ठेवावी. अन्यथा रात्रभराचे काम वाया जाते.

पर्याय कोणते?
गुगल कोलॅबवर मर्यादित वेळ मोफत ग्राफिक्स कार्ड वापरता येते, परंतु इंटरनेट अखंड लागते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये १०,३७२ कोटी रुपयांच्या इंडिया एआय मिशनला मंजुरी दिली. त्यात सवलतीच्या दराने सामायिक संगणन देण्याची तरतूद आहे.

थंडरबोल्ट नसलेला लॅपटॉप केवळ यासाठी बदलण्यापेक्षा त्या पैशांत डेस्कटॉप घेणे शहाणपणाचे. पोर्ट हाताशी असेल, तर प्रथम कोलॅबवर थोड्या छायाचित्रांची चाचणी घ्यावी, लागणाऱ्या मेमरीचा अंदाज बांधावा आणि मगच कार्ड निवडावे.